एकशे चाळीस पावलं

चान्याराल मागे पडलं की उत्तरेकडे जाताना
डाव्या हाताला पत्र्याची एकच शेड, वर रंगवलंय: पंक्चर.
ते माझं.

इथे झाड नाही.
सकाळी समुद्रावरून धुकं येतं, दहाच्या आत निघून जातं.
वळण नाही. आडवं यायला जनावरही नाही.
रस्ता इतका सरळ, की चालवणाऱ्याला वाटावं
आपण नुसते बसलोय
आणि वाळवंटच मागे सरकतंय.

म्हणूनच तर.

नोल्बेर्तो खाणीचे सुटे भाग न्यायचा.
मागचं डावं चाक बदलून दिलं, चहा प्याला, चार चमचे साखर,
पोरीचा दात हलतोय म्हणाला, पण हात लावू देत नाही,
आणि निघाला.

बावीस मिनिटं.

पोलीस वाकून वाकून डांबर बघत होते.
ब्रेकची खूण शोधत होते. नव्हती.

आता तिथे गुडघ्याएवढं पांढरं घरकुल आहे.
रस्त्यावर गेलेल्यांसाठी आम्ही बांधतो, आनिमिता म्हणतो त्याला.
आत मेणबत्ती, प्लास्टिकची फुलं, ट्रकची नंबरप्लेट,
आणि काडेपेटीत दात. पडला शेवटी.

इस्मेनिया महिन्याच्या पहिल्या रविवारी येते,
घरकुल घासते, आणि मी न विचारता सांगते,
"मी इतकंच विचारलं होतं, कुठवर आलास."
फोनला ओरखडासुद्धा नव्हता.
उत्तराच्या जागी त्याने लिहिलं होतं: पोच

एकदा मी तिथे चालून पाहिलं.
ताशी नव्वद, मान खाली चार सेकंद,
म्हणजे शंभर मीटर. माझी एकशे चाळीस पावलं.
डोळे मिटून निघालो.
तिसाव्याला पायाखाली खडी वाजली, डोळे उघडले,
आणि मी पायी होतो.

तेव्हापासून बिस्किटांचे रिकामे डबे जमवतो.
फोन डब्यात, डबा सीटच्या मागे,
तरच माझ्या ठिगळाची हमी. नाहीतर पुढचं दुकान
एकशे दहा किलोमीटरवर.
शिव्या देतात, पण डबा नेतात.

टँकरवाली यास्ना हसली,
"मी कानातल्या यंत्रावर बोलते, हात मोकळे असतात."
म्हटलं, हात मोकळे गं.
मंगळवारी भावाशी भांडत गेलीस,
मी लाल फडकं घेऊन कडेला उभा होतो,
तुझं चाक डुगडुगत होतं. पाहिलंस मला?
ती काही बोलली नाही.
डबा घेतला. बिस्किटं का नाहीत म्हणाली.

माझ्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे,
विसरलेल्या वस्तूंची: लोकरी टोपी, एक हातमोजा,
कुणाचा तरी वाचायचा चष्मा,
बत्तीस नंबरचा पाना.

पाना नोल्बेर्तोचा.

त्या दिवशी तो गेल्यावर दिसला,
आणि मी फोन लावला. उचलला नाही.
पुन्हा लावला.
म्हणजे त्या फोनवर तिचा एक निरोप
आणि माझ्या दोन हाका.
आधी काय वाजलं, तो कशाकडे बघत होता,
कंपनीकडे नोंद असेल.
मी मागितली नाही.
इस्मेनियाने माझा नंबर ओळखला नसेल.
की ओळखला, आणि तरी माझ्याकडचा चहा पिते?

आता वाटेवरच्या माणसाला मी फोन करत नाही.
वस्तू थांबतात. टोपी तीन हिवाळे थांबली आहे.

उद्या पहिला रविवार.
पाना रॉकेलने पुसून टेबलावर ठेवलाय,
तिच्या कपाशेजारी.
ती विचारेल, हा कुणाचा.