सुरूची उंची

मनोरीला, समुद्राच्या अंगाला,
पापानं लावले तेव्हा सुरू माझ्या गुडघ्याइतके होते.
एकतीस. एक वाळला, एक शेळीनं खाल्ला,
उरले एकोणतीस.
"वारा अडला की वांगी होतील," म्हणाला.
झाली.
खारं न लागलेली, काटेरी देठाची वांगी
आय टोपलीत घालून तरीनं मार्व्याला न्यायची
आणि रिकामी टोपली डोक्यावर उलटी घालून यायची.

आता सुरू चार मजली.
शेजारचा इनास ग्रेशस दुपारी चारला
वलांडीवरचे बोंबील काढून रस्त्याच्या कडेला नेतो,
कारण चारला आमची सावली त्याच्या अंगणात येते,
न विचारता, पापासारखी,
आणि रात्रीपर्यंत उठत नाही.
तो भांडला नाही.
फक्त एकदा ओलसर राहिलेले बोंबील
केळीच्या पानात बांधून देऊन गेला.
"वास घे, रेजिना."

उद्यान खात्यात तीन फेऱ्या.
"तोडायचीत की छाटायचीत?"
म्हटलं, बुटकी करायचीत.
अर्जात तसा रकाना नव्हता.
कारकुनानं पट्टी लावून एक आखला.

मग गोराईच्या पाड्यावरून जान्या आला,
कमरेला आकडी, आकडीत कोयता,
दोराचं दुसरं टोक मुलीच्या हातात.
चपला काढून तो बराच वेळ नुसता वर बघत राहिला.
"किती खाली घेऊ?"
"अर्धा."
"अर्धा म्हणजे मेला, बाय.
सुरू काय बोर नाही, खोडातून फुटायला.
खाली हिरवं ठेवायचं, हिरव्याच्या वर कापायचं.
किती ते तो सांगेल."

मी हिरवं शोधायला लागले.
खालून पंधरा हात नुसते खांब.
त्यांच्यामधून वारा कंबरेच्या उंचीनं
सरळ आत येत होता,
वांग्यांच्या पानांच्या कडा भाजत.
इतकी वर्षं मी मान वर करून म्हणायचे, केवढी भिंत!
आणि भिंतीचं खालचं सगळं
कधीच दार झालं होतं.

पापाही शेवटी शेवटी तसाच.
गावाला लांबून दिसायचा.
आड उभं राहायला मात्र
घरात कुणाला जागा नव्हती.

शेंडा पडताना सुरू मोठ्यानं ओरडत नाही.
सुस्स करतो,
जन्मभर करत आला तेच,
फक्त जवळून.
अंगणभर हिरव्या सुयांचा ढीग,
त्यात छोटी टणक बोंडं,
मुलगी ती ओच्यात गोळा करते.
सतराव्यावरून जान्या अर्ध्यातच उतरला.
घारीचं घरटं, आत दोन.
"हा पुढच्या साली."
अर्जात एकोणतीस लिहिलेत.
साहेब आलाच मोजायला
तर सांगेन, माझं गणित कच्चं.

चार वाजले.
इनास सवयीनं टोपली घेऊन वलांडीपाशी आला.
ऊन गेलं नाही.
टोपली कुठे ठेवावी त्याला कळेना.
तसाच उभा राहिला,
कपाळावर हात धरून,
पाच वाजायला वीस मिनिटं असेपर्यंत.
मग आतून बायकोला हाक मारली,
"अगो, बाहेर ये जरा," एवढंच.

संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून
शेंड्यांच्या वर पाण्याची पट्टी दिसली,
एका होडीचा दिवा.
लहानपणी दिसायची. विसरले होते.
आवडलं, आणि जरा उघडं पडल्यासारखंही वाटलं.
त्या रात्री वारा ऐकू येत होता,
जास्त की कमी, ठरवता येईना.

रविवारी मिस्सावरून आल्यावर
दोन दोन सुरूंच्या मधे खड्डे घेतले.
उंडी आणि भेंड, आलटून पालटून,
मुळांना पोयट्याची माती.
जान्याची मुलगी पाण्याचा डबा घेऊन मागे मागे.
"हे कधी अडवणार वारा?
एवढेसे तर आहेत."
मी रोपाशेजारी पाय टेकून दाखवला.
गुडघा हल्ली दुखतो,
मोजायला चालतो.