थीम निवडा

डोईजोडे सरांच्या क्लासला
उद्या सकाळी प्रकाशसंश्लेषण हवंय:
मधोमध हिरवा गोल, त्याला आठ फांद्या,
पोरांच्या डोक्यात एका नजरेत बसेल असं.
ते मी साडेनवालाच उरकलं.
आता लॅपटॉप आईच्या पुढ्यात, शेंगांच्या सुपाशेजारी,
आणि मधल्या गोलात तिच्या गावाचं नाव.

सॉफ्टवेअर म्हणतं, थीम निवडा.
सागर. सूर्यास्त. ऑफिस. पुदिना.
सागर बघून आई हसते,
"लातुरात कुठला आलाय समुद्र?
टँकरचं पाणी बी असलं निळं नसतंय."
डार्क लावली तर शेंग फोडता फोडता थांबते,
"लाईट गेली का गं?"
मग जरा वेळानं, स्वतःशीच,
"नको. तसला अंधार नको."

पांढऱ्यावरच सुरू केलं.
ती सांगते, मी टाइप करते.
वेशीतून आत आलं की महेबूब शिकलगार,
त्याच्या भिंतीला भिंत नागरबाई,
नागरबाईच्या माळवदावरून एक पाय टाकला
की बसलिंग तेल्याचं माळवद,
तिथं वाळवण राखत बसायचं
आणि खाली कुणाचं वाजलंय ते ऐकायचं.
"त्या दोन घरांच्या मधी रेघ काढ."
नातं काय लिहू?
"नातं कसलं. मिरच्या."

रेघ कशी हवी, तेही ठरवायचं असतं:
सरळ, काटकोनी, का वळणाची.
"सरळ गल्ली कुठं होती आमच्यात?
बैलगाडी अडली की अर्ध्या गावाला कळायचं."

चाळीसेक घरं झाली
तसे गोल एकमेकांवर चढले, रेघांत रेघा अडकल्या,
आणि मी सवयीनं 'आपोआप मांडणी' दाबलं.
पापणी लवायच्या आत सगळी घरं ओळीत,
सारख्या मापाची, सारख्या अंतरावर.
महेबूब एका टोकाला,
नागरबाई पार चौथ्या रांगेत.
आई स्क्रीनकडं बघत राहिली.
"हे तर नवं गाव झालं," म्हणाली,
"तवा बी असंच. एक बटन दाबल्यासारखं."

मी जन्मले ती याच मांडणीत.
रुंद रस्ते, क्रमांकाची घरं,
लपाछपीला कोपराच नाही.
ज्याच्यावर राज्य, त्याला दहा आकडे मोजले की सगळे सापडायचे.

अनडू.

मग रंग.
मी ठरवलं होतं:
असलेले हिरवे, गेलेले करडे,
खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात खुलासा.
करडा भरत गेले. आठव्या घराला
आईनं माझं मनगट धरलं.
"जमीन हलायच्या आदल्या रातीचा नकाशा काढलालीस ना?
मग? त्या राती तर समदे होते."
तिच्या नखांत शेंगांची माती.
"गणपती बुडवून उशिरा आले.
कुणी डोकं बी धुतलं नव्हतं."

रंगांच्या चक्रावर गुलाल शोधत
मी बोट फिरवत राहिले.
एवढा?
"इतका भडक नाही."
हा?
"अजून उतरव."
आणखी उतरवला.
"घाईनं तोंड धुतल्यावर
कानामागं राहतो ना, तेवढा."

एकशे बारा घरं, एकाच रंगाची.
थीमला नाव द्या, असा चौकोन आला.
आईनं सूप उचललं, टरफलं टाकायला अंगणात गेली
ती बराच वेळ आली नाही.
मी चौकोन रिकामाच ठेवून सेव्ह केलं.

सकाळी क्लासमध्ये प्रिंटरनं कागद ओकायला घेतले,
तेव्हा कळलं, रंग परत बदलायचा राहिलाय:
सूर्यप्रकाश, पाणी, हरितद्रव्य,
आठही फांद्या धुवट गुलालाच्या.
डोईजोडे सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"पान गुलाबी असतं का, मॅडम?"
चूक झाली सर, दुसरी काढते, म्हणाले.
तोवर पुढच्या बाकावरच्या औशाच्या पोरीनं
तिची प्रत चार घड्या घालून
कंपासपेटीत टाकलीही होती.