झडती

बिल्ल्यावर माझं नाव चुकलंय.
रत्नप्रभा नाही, रत्नप्रमा.
डोक्यावरची रेघ जिथे तुटायला हवी
तिथे ती तुटली नाही, एवढंच.
नोंदणीच्या टेबलावरची मुलगी ओशाळली,
पेनाने नीट करू का म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे.
आणि माझं मलाच नवल वाटलं.

कारण एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी दुसरं काय केलं?
शीट उचलायची, उजेडाकडे धरायची,
शाई पसरली का, आकडा सरकला का,
लाल पेन्सिलीने गोल,
आणि बाजूला.
बाजूला म्हणजे यंत्रात.
यंत्रात म्हणजे भुगा.

गंगापूर रोडवरची शाळा, वर्ग सहावी ब.
मैदानातल्या मांडवात मोठ्यांचे परिसंवाद,
त्यांचं हॅलो हॅलो खिडकीतून आत येतंय.
आम्ही बावीस जण सहावीच्या बाकांवर
गुडघे तिरके करून बसलेलो.
फळ्यावर कालचे अपूर्णांक, अर्धेच पुसलेले.
साडेतीनशे रुपये, उपमा आणि चहा धरून.

शिकवणारी ईशानी माझ्या धाकटीच्या वयाची.
म्हणाली, दहा मिनिटं. एक वास लिहा.
पेन थांबवायचं नाही. चूक होऊ द्या.

चूक होऊ द्या!
हे मला नोकरीत कुणी म्हणालं असतं
तर मी साहेबांना कळवलं असतं.

सगळ्यांची पेनं सुटली.
सातपूरहून रात्रपाळी करून थेट आलेला हेमराज
लाल डोळ्यांनी कूलंटच्या तेलाचा वास लिहीत होता,
पिंपळगावची एक मुलगी, द्राक्षांवर गंधक फवारून आलेल्या
बापाच्या शर्टाचा.
मी सात मिनिटं एकच वाक्य लिहिलं,
खोडलं, गोल केला, परत लिहिलं.
ईशानी मागून डोकावली.
हे गोल कुणी केले?
मीच.
त्या तपासणाऱ्या बाईंना उद्या घरी ठेवून या.
म्हटलं, घरी ती एकटी काय करील?
वर्ग हसला. मीही हसले,
मग हसू जरा जास्तच वेळ तोंडावर राहिलं.

उरलेल्या तीन मिनिटांत
कोण जाणे कुठून आलं ते.
की नोटांच्या ओल्या शाईचा वास
नखांच्या कडेला बसायचा.
साबण, मग चिंच, मग राख, तरी जायचा नाही.
की महिनाअखेरीला डब्यात पन्नास रुपये नसायचे
आणि दत्तात्रय माझी बोटं हुंगून म्हणायचे,
श्रीमंत बाई आल्या.
की ते गेले त्या वर्षी मी शेवटची शीट तपासली
आणि आता हात नुसते हातासारखे येतात.

वाचताना आवाज दोनदा बसला.
नंतर कुणी काही बोलेना.
मांडवात कुणाच्या तरी वाक्याला टाळ्या पडल्या, त्या आमच्या नव्हत्या.
हेमराज म्हणाला, मावशी, ती साबणाची ओळ परत वाचा ना.
परत वाचली.
त्या ओळीत एक काना राहिलाय.
मला दिसला.
लाल पेन्सिल पर्समध्येच होती.

साडेपाचला सुटलो. जानेवारीचं ऊन पटकन उतरतं इथे,
शाल काढावी लागली.
फाटकापाशी वॉचमन खुर्ची टाकून बसलेला,
आणि माझे दोन्ही हात आपोआप वर गेले,
कोपरं बाहेर, बोटं मोकळी, पाय जरा फाकलेले,
एकतीस वर्षं रोज संध्याकाळी जात तसे.
प्रेसच्या दारातून कागदाचा कपटा
कधी बाहेर आला नाही माझ्यासोबत.
डब्याच्या फडक्याचीसुद्धा घडी उलगडून बघत.

वॉचमन उठून उभा राहिला.
काय झालं, मावशी?

काही नाही, म्हटलं.
पण हात खाली घ्यायला वेळ लागला.
उजव्या हातात तो कागद होता, चौपदरी घातलेला,
आणि मी वाट बघत होते
की तो म्हणेल, दाखवा.