पाऊण इंच

चौतीस वर्षं प्रेसमध्ये छापील ताव तपासले.
केसाएवढी रेघ सरकली तरी
ताव बाजूला. रद्द.
चूक डोळ्यांआधी बोटांना कळायची.
विटांपुढे मात्र बोटं अडाणी निघाली.

रविवारी नाशिकरोडहून सहाची बस,
निमाणीला उतरून दुसरी, म्हसरूळच्या पुढे.
बोरगड अजून धुक्यात,
थापीची मूठ गार, चावल्यासारखी.
आम्ही अकरा स्वयंसेवक: कॉलेजची पोरं,
एक दंतवैद्य, पतपेढीतल्या दोघी बहिणी.
सगळ्यांना पिवळ्या टोप्या,
आधी फोटो, मग चहा.

जिचं घर, त्या लीलाबाई बेंडकुळेला
टोपी कमी पडली.
ती पदर खोचून वाळू चाळत होती.
सोमवार ते शनिवार द्राक्षांच्या पॅकिंगला,
रविवारी स्वतःच्याच घरावर बिगारी.

आठ थर रचले मी. उत्तरेची भिंत.
बायकोला फोन करून सांगितलंसुद्धा.
डबा विसरलो म्हणून स्टॉपवरून मागे वळलो,
तर युनूस मिस्त्री ओळंबा सोडून उभा,
आणि माझे वरचे पाच थर खाली उतरवलेले,
एकेक वीट पुसून, नीट रचून.

"पाऊण इंच बाहेर होती, काका,"
चोरी पकडली गेल्यासारखा म्हणाला.
"दर रविवारी असंच?"
तो माल कालवत राहिला.
"दर रविवारी नाही. डॉक्टर बरा लावतो."

बसमध्ये हसू आलं. द्वारका येईपर्यंत गेलं.
मी रद्द केलेले ताव आठवले.
छापणाऱ्यांची तोंडं
मी कधी बघायला गेलो नव्हतो.

बुधवारी गेलो, टोपीशिवाय.
म्हटलं, मला पाणी मारायला दे.
त्याने पाइप हातात दिला.
चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ,
त्याने सरळ केलेल्या भिंतीला पाणी पाजलं.
कोरडी वीट पाणी पिताना
सूं करते, अगदी बारीक,
आणि रंग बदलते.
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

एका संध्याकाळी लीलाबाई कामावरून थेट आली,
बोटांना कात्रीचे घट्टे.
ओट्याची खूण पाहून थबकली.
"एवढा उंच? शिडी लावून भाकरी थापू का?"
नकाशात सगळ्या घरांचे ओटे
एकाच उंचीचे होते.
तिला भिंतीशी उभं केलं,
कोपर वाकवायला सांगितलं,
कोपराखाली चार बोटं सोडून
पेन्सिलीने रेघ मारली.
दोनदा मोजली.
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

युनूसने रेघेवर पाणसळ धरली.
बुडबुडा हलला,
जरा उजवीकडे गेला,
परत आला.
तो काही बोलला नाही.
जुनी खूण अंगठ्याने पुसली
आणि थापी उचलली.