अकरा मिनिटं

बाहेर उणे एकतीस.
पार्किंगमध्ये गाड्या वायरीने भिंतीला बांधलेल्या,
दावणीला गुरं असावीत तशा,
इंजिन गोठू नये म्हणून वीज चघळत उभ्या.
एडमंटनचा जानेवारी. तिसऱ्या मजल्यावर मी
एका नावाड्याचे शब्द मोठे करत बसलेय.

त्याचे नाही खरं तर. त्याच्या प्रश्नाखालची चार उत्तरं.
सव्वीस वर्षांपूर्वी ती माऊसच्या बाणासाठी बेतली होती,
आता अंगठ्यासाठी हवीत. अंगठा जाडा असतो,
घाईत असतो, कधी लोण्याने माखलेला.
जुना खेळ मोबाइलवर आणायचा
म्हणजे बराचसा वेळ हेच:
अक्षरं फुगवायची, धुकं धुऊन काढायचं,
मूळ चित्रं कुणीतरी हरवली म्हणून
पडद्यावरचे ठिपके मोजत
राक्षस पहिल्यापासून रंगवायचे.

चाळीसावा प्रसंग. राखेची नदी,
पाठीला तडकलेली ढाल,
सोबतीला कोणी उरलेलं नाही
(हे खेळणाऱ्यावर असतं. माझ्यासोबत कोणी टिकायचं नाही).
नावाडी विचारतो, पैलतीरी कुणासाठी निघालास?
राजासाठी.
सोन्यासाठी.
बहिणीसाठी.
तुला काय करायचंय?
नववीत होते तेव्हा मी दर वेळी चौथं निवडायचे.

पाचवं उत्तर परवा सापडलं,
जुन्या कोडच्या अडगळीत. त्याला बटण नाही.
अकरा मिनिटं काहीच दाबायचं नाही,
मग नावाडी वल्हं आडवं ठेवतो,
म्हणतो, “बरं. न सांगता बस.”
आणि उतराई घेत नाही.

फोन मात्र दोन मिनिटांत डोळे मिटतो.
म्हणजे ओळ खेळात असणार,
विकत घेतलेल्या प्रत्येक प्रतीत असणार,
आणि कुणाच्याही कानी पडणार नाही.

संवाद मर्विन टॉफ्टने लिहिले होते.
तो आता कॅम्रोजला असतो. फोन लावला.
अकराच का?
“कोण बोलतंय?”
दारका होलोवाच. नव्या आवृत्तीवर काम करते.
“हं.”
मग काहीच नाही. वाटलं, लाइन गेली.
पण तिकडे टीव्हीवर कर्लिंग चाललं होतं,
बर्फावर झाडूंची खसखस ऐकू येत होती,
कुणीतरी दगडाला ओरडून सांगत होतं, सरळ, सरळ.
मीही थांबले.
“किटली,” तो म्हणाला.
“त्या ऑफिसातली किटली उकळायला तेवढा वेळ घ्यायची.
चहा घेऊन जागेवर यावं
तर कुणीतरी काही बोललेलं असावं,
असं वाटायचं मला.”
आणि मग, दाराशी कोणी आलंय म्हणत
त्याने फोन ठेवला.

मी एकच ओळ लिहिली: या प्रसंगात पडदा जागा राहील.

दुसऱ्या दिवशी रोडेलची तक्रार आली.
चाळीसाव्यात बॅटरी खाते. गंभीर.
त्याच्या टेबलाशी गेले. तो म्हणाला,
अकरा मिनिटं गप्प कोण बसेल, दारका?
मला उत्तर सुचलं नाही. स्टूल ओढून बसले.
त्याने फोन साखरेच्या डब्याला टेकवला,
जेवणाचा डबा उघडला. भात, सुकी मासळी.
नदीवर राख उडत होती,
चार उत्तरं उजळून वाट बघत होती.
सातव्या मिनिटाला त्याचा अंगठा उचलला गेला,
पण भाताचं शीत पुसायलाच.
अकराव्याला त्याने घास चावायचा थांबवला.
ओळ हळूच वाचली, ओठ हलवत,
जशी आई औषधाच्या बाटलीवरचं वाचते.

“तीन टक्के गेले,” तो म्हणाला.
तक्रारीखाली लिहिलं: असू द्या.

संध्याकाळी गाडी सोडवली तेव्हा वायर
काठीसारखी ताठली होती, गुंडाळेना.
तशीच मागच्या सीटवर टाकली.
पुलावरून खाली पाहिलं,
नदी गोठलेली, या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी,
आणि तिच्यावरून कुणीतरी
कुत्र्याला घेऊन पायीच पलीकडे निघालेलं.