आवाज कैसा?

कोलशेतच्या फाटकावर रोज माझा पास बघतात.
एकोणीस वर्षं झाली, तरी बघतात.
फोटोतली मी किडकिडीत, कानात खोटे झुबे.
शिपाई नवा असला की एकदा तिला, एकदा मला न्याहाळतो
आणि सोडतो दोघींनाही आत.

खांद्यावर माझ्या काही नाही. ना फीत, ना तारा.
साडीची पिन आहे.
मला कुणी सलाम ठोकत नाही, मीही कुणाला नाही,
पण साहेबाला साहेब हवा असला
तर वाट माझ्या कानावरून जाते.

बाप खाडीत रेती काढायचा.
बादली घेऊन तळाशी उतरायचा आणि होडीवर मी, नऊ वर्षांची,
दोरीचं टोक मुठीत.
एक झटका, थांब.
दोन झटके, ओढ.
खाली तो काय करतो, काय बघतो, ते माझं काम नव्हतं.
माझं काम दोरी.

मुलाखतीत विचारलं, अनुभव?
म्हटलं, टायपिंग चाळीस, हिंदी बरी.
दोरीचं नाही सांगितलं.

रात्रपाळीला दोन वाजता वरून फोन यायचा, लाइन तपासायला.
वरून म्हणजे कुठून, ते इथे लिहीत नाही.
एवढंच, की तिथे प्यायचं पाणी आधी वितळवावं लागायचं
आणि माणूस दोन श्वासांच्या मधे बोलायचा.
"ठाणे, आवाज कैसा?"
"साफ. आपको?"
"साफ."
की ठेवला.
दोन हिवाळे एवढंच.
त्याला मी ठाणे. तलावपाळीसकट,
बाळकूमच्या सुक्या मासळीसकट, अख्खं.

मग एका रात्री आवाज दुसरा. कोवळा.
साफ-साफ झालं तरी ठेवेना.
मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.
बाप वर यायला उशीर करायचा
तशी मूठ आवळली गेली, रिकामीच.
"मॅडम, उस्ताद नीचे उतर गए. पेन्शन.
बोल के गए, ठाणे को राम राम कहना."

वहीत लिहिलं: ०२.०० लाइन तपासली. ठीक.
राम रामला रकाना नाही.
तरी त्या रात्रीचा चहा
मी बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश प्यायले.

भाऊ म्हणतो, आता सगळं आपोआप जोडलं जातं, जाईल तुझी खुर्ची.
जाईल.
भावाने बापाची होडी विकली,
दोरी मात्र माझ्याकडे आहे, माळ्यावर,
मीठ खाऊन कडक झालेली.

सकाळी सहाला सुटते. खाडीकाठी आता तेवीस मजले,
त्यांच्या खालून पाणी जातं, अजून गढूळ.
घरी मोबाइल वाजला की झोपेतही तोंडातून निघतं, "ठाणे."
पोरगा हसतो.
आई, तू काय ठाणे आहेस?

आहे की.
रात्री दोनला, थोडा वेळ.