तिसरी जांभई

सोहार बंदरामागे गव्हाच्या कोठारांचं काम.
मुनाफ परकार वर, मी खाली.
तो पासष्ट मीटरवरच्या काचेच्या खोक्यात,
मी त्याच्या क्रेनच्या सावलीत, हातात वॉकीटॉकी.
सात वर्षं झाली.
त्याचा चेहरा मला रात्रीच दिसतो,
दिवसा तो नुसता आवाज असतो.

म्हणून पहिली जांभई ऐकू आली.
पावणेनऊ वाजले होते, हवा ओल्या गोणपाटासारखी.
रात्री झोपलास नाय वाटतं?
"झोपलो रे. उगीच येतेय."
दुसरी आली तेव्हा बीम हवेत होता.

जांभईला कोण घाबरतं?
आपल्याकडे प्रेशर म्हणजे चढणारंच.
मीठ बंद, लोणचं बंद,
बायकोची फोनवरून ताकीद, गोळी घेतलीत का.
उतरणाऱ्या प्रेशरचं नावही कुणी काढत नाही.
भरती ऐकू येते.
ओहोटी कळते ती होडी चिखलात कलंडल्यावर.

"अर्धा मीटर डावीकडे," मी म्हटलं.
उत्तर आलं, पण थांबून आलं.
"डावीकडे ना?"
सात वर्षांत त्यानं मला
एक गोष्ट दोनदा विचारलेली नव्हती.

मला तुलसी आठवला, सळ्या बांधणारा नेपाळी पोरगा,
मेसच्या रांगेत भर दुपारी म्हणाला होता, लाइट गेली काय?
कान शहाळ्याच्या मलईसारखे पांढरे.
जांभया तोही देत होता.
मी हसलो होतो.
मग टेबलाच्या कडेवर त्याची हनुवटी फुटली,
आणि डाळीचं पातेलं कितीतरी वेळ
जमिनीवर गोल गोल फिरत राहिलं.

तिसरी.

"मुनाफ, दिसतंय कसं?"
"काच धुरकट झालीय. आतून पुसली.
बाहेरून कोन पुसनार?"
"हात?"
"गार. एसी जास्त आहे रे."

एसी कालपासून बंद होता.
कंप्लेंट मीच लिहून दिली होती.

भार खाली घे. घाई नको. अजून. अजून.
बीम दोन ओंडक्यांवर टेकला, आवाजही झाला नाही.
हात इतके गार पडूनही
त्याची बोटं आपलं काम विसरली नव्हती.
ब्रेक लाव. आता उठू नको.
"जरा उभा राहतो, बरं वाटंल."
उठू नको!
शिडीकडे बघूसुद्धा नको.
खाली फरशीवर आडवा हो, पाय सीटवर टाक.
आणि बोलत राहा. काहीही बोल.
तो बोलत राहिला:
दाभोळची जेटी, धाकटीची फी,
सुक्या बांगड्याचं पार्सल कस्टमवाल्यानं कसं उघडलं.

मी शिडी चढलो, खिशात लबनची बाटली,
मेसमधली मिठाची पुडी तिच्यात ओतलेली.
खाली फोरमन तीन भाषांत ओरडत होता,
रेस्क्यूवाले दोर बांधत होते.

वर मुनाफ, ओठ राखेच्या रंगाचे.
कपाळावरचा घाम पुसला, तर थंड.
एकेक घोट घे म्हटलं.
चौथ्या घोटानंतर बोलला,
"उद्या लायसनचं मेडिकल.
काटा वर गेला तर खुर्ची गेली.
म्हणून रात्री एक गोळी जास्त,
आनि सकाळी दोन."

खाली नर्सनं पट्टा बांधला.
ब्याऐंशी, पन्नास.
तिनं पुन्हा मोजलं, मग त्याच्याकडे न बघता
माझ्याकडे बघितलं.

रिपोर्टमध्ये फोरमननं लिहिलं:
क्रेन बंद, एक तास दहा मिनिटं.
कारणाच्या रकान्यात एक रेघ.

आता गोळी तो एकच घेतो,
डॉक्टरनं नव्यानं लिहून दिलेली, अर्ध्या ताकदीची.
आणि मला खोड लागली आहे.
बसमध्ये, मेसमध्ये, जुम्याच्या दिवशी
नळाच्या रांगेतसुद्धा
मी लोकांच्या जांभया मोजतो.
पोरं मला वैदू म्हणतात.

रात्री खोलीत दिवा घालवायच्या आधी
मुनाफ तोंड उघडतो, पार कानापर्यंत,
आणि मधेच थांबून माझ्याकडे बघतो.
"झोपंचीच हाय."
"हात दे," मी म्हणतो.
शिव्या घालत तो हात पुढे करतो.
ऊन असतो. बांगड्याचा वास येतो.